संग्रहालयाचे छप्पर आणि मंडळाचा निधी

प्रेषक: संग्रहालयाचे कार्याध्यक्ष (मंडळाचे माजी अध्यक्ष), मुक्काम दाभोळ खाडी
विषय: छपराचा निधी कृपया अजून पाठवू नये

सप्रेम नमस्कार.

छपरासाठी जमलेला निधी या आठवड्यात आमच्या गावच्या बँकेतल्या खात्यात भरणार असल्याचा खजिनदारांचा निरोप मिळाला. आपणा सर्वांचे मनापासून आभार मानतो आणि लगेच विनंती करतो की ही रक्कम तूर्त पाठवू नये. आपले मंडळ ब्रिटनमध्ये नोंदलेली संस्था आहे, त्यामुळे तिच्याकडून येणारा एक पौंडसुद्धा परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कक्षेत येतो. आमची विश्वस्त संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असली तरी या अधिनियमाखाली तिची नोंदणी नाही. अशी नोंदणी मिळण्यासाठी संस्थेला किमान ३ वर्षे झालेली असावी लागतात आणि मागच्या ३ आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. तिकिटांवर, गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि मे महिन्यात बचत गटाच्या बायका दारात कोकम सरबत आणि आंबापोळी विकून जे देतात त्यावर चालणाऱ्या संग्रहालयाला तो आकडा गाठणे अवघड आहे.

उरतो मार्ग पूर्वपरवानगीचा. ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक कामासाठी, ठरावीक रक्कम घेण्याची परवानगी केंद्रीय गृह मंत्रालय देते. त्यासाठी मंडळाचे वचनपत्र लागेल. परवानगी मिळाल्यावरही २०२० च्या दुरुस्तीप्रमाणे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतील. अर्जाची तयारी आम्ही करतो आहोत, मात्र आगोटीपूर्वी, म्हणजे पावसाळा लागण्याआधी, परवानगी हाती येईल असे धरून चालता येणार नाही.

छप्पर मात्र थांबायला तयार नाही. पश्चिमेच्या पाख्याचे (छपराच्या उतरत्या बाजूचे) वासे सुताराने हातोडीने ठोकून पाहिले तेव्हा बरेचसे पोकळ वाजले, आणि एका वाशात पटाशी अर्धी आत गेली. वाळवीने बाहेरची साल तेवढी ठेवली आहे. त्याच पाख्याखाली मोडी रुमालांचे, म्हणजे कापडात बांधलेल्या मोडी लिपीतल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांचे, कपाट आहे, ज्यात खोतीचे जमाखर्च आहेत आणि गलबतांतून गेलेल्या मालाच्या याद्या आहेत. कपाट तूर्त मधल्या दालनात सरकवले आहे.

आपला,
कार्याध्यक्ष

---

प्रेषक: खजिनदार
विषय: पुनः छपराचा निधी कृपया अजून पाठवू नये

काका, नमस्कार.

आपल्या अडचणीचा आदर राखून काही गोष्टी खजिनदार म्हणून स्पष्टपणे मांडणे माझे कर्तव्य आहे. छपराच्या निधीचे हे आवाहन मंडळाने मंडळाच्या नावाने केले आणि ही अडचण आवाहनापूर्वी माझ्या कानावर यायला हवी होती. ज्या करदात्या देणगीदारांनी गिफ्ट एड या ब्रिटिश सरकारच्या देणगी-करसवलत योजनेच्या घोषणापत्रावर सही केली आहे, त्यांच्या प्रत्येक पौंडामागे मंडळाला सरकारकडून २५ पेन्स मिळतात. लोकांनी आता आपापले पैसे परत घेऊन वैयक्तिक रीतीने गावी पाठवले तर ही भर जाईल. खाद्यपदार्थांच्या स्टॉलचे आणि सोडतीच्या तिकिटांचे उत्पन्न गिफ्ट एडमध्ये बसत नाही. ते मंडळाचे उत्पन्न आहे आणि ते कोणा एका सभासदाच्या नावावर दाखवता येणार नाही.

आवाहनात «संग्रहालयाच्या छपरासाठी» असे शब्द आहेत. त्यामुळे हा निधी देणगीदारांना विचारल्याशिवाय कपाटे, स्कॅनर किंवा अन्य कशाकडेही वळवता येणार नाही, हेही सर्वांनी ध्यानात ठेवावे. गणेशोत्सवाच्या शिलकीतून तात्पुरते काही द्यावे अशी सूचना मला दोघांनी खासगीत केली आहे. ती रक्कमही मंडळाचीच असल्याने त्या मार्गानेही प्रश्न सुटत नाही.

खजिनदार

---

प्रेषक: सभासद (मूळचे चिपळूणचे)
विषय: पुनः पुनः छपराचा निधी

खजिनदार साहेब, कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत पाऊस थांबत नसतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या १८६४ पासूनच्या ग्रंथालयाची काय स्थिती झाली ते आपण सर्वांनी पाहिले. पाणी वर चढू लागले की कपाट हलवायलाही वेळ मिळत नाही. माझा भाऊ तिथेच राहतो. मी त्याला घरखर्चासाठी नेहमी पैसे पाठवतो. या वेळी थोडे जास्त पाठवीन, तो ते संग्रहालयाला आपल्या नावाने देईल आणि पावती घेईल. आणखी चार-पाच जणांनी असे केले तर छपराचे काम मृग लागण्याआधी उरकेल. यात कोणाची फसवणूक नाही आणि पैसा योग्य ठिकाणीच जाणार आहे.

---

प्रेषक: हिशेब तपासनीस
विषय: भावाच्या नावाने देणगी: कृपया असे करू नये

दादा, तुमची कळकळ समजते, पण हा मार्ग बंद आहे आणि तो संग्रहालयालाच गोत्यात आणील. परकीय स्रोताकडून मिळालेली रक्कम एखाद्याने पुढे दिली, मग ती थेट असो वा मध्ये एक-दोन माणसे असोत, तरी ती परकीय योगदानच मानली जाते, असे कलम २ च्या स्पष्टीकरणात लिहिले आहे. नातेवाइकाला कुटुंबासाठी पैसे पाठवण्याची मोकळीक वेगळी आणि त्याच्या हातून संस्थेला देणगी देणे वेगळे. तुमचा पासपोर्ट ब्रिटिश आहे, आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी या अधिनियमासाठी तुम्ही परकीयच ठरता. भावाच्या नावाची पावती फाडली तर उद्या उत्तर द्यायला काकांना उभे राहावे लागेल.

ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी आपल्या वैयक्तिक बचतीतून, नेहमीच्या बँक व्यवहाराने दिलेली देणगी परकीय योगदान धरली जात नाही. त्यांनी पासपोर्टची प्रत जोडून थेट संग्रहालयाच्या साध्या खात्यात पैसे पाठवायला हरकत नाही. यात गिफ्ट एड मिळणार नाही, हे खजिनदारांचे म्हणणे बरोबर आहे, पण पश्चिमेचे पाखे उभे राहील.

या अधिनियमाखाली नोंदलेल्या दुसऱ्या एखाद्या संस्थेच्या हातून पैसे पुढे द्यावेत, अशी सूचना मागच्या बैठकीत आली होती. २०२० च्या दुरुस्तीनंतर घेतलेले परकीय योगदान दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, म्हणून तीही सोडून द्यावी.

एक मुद्दा मात्र जड मनाने मांडते. पूर्वपरवानगीच्या नियमांप्रमाणे पैसे घेणाऱ्या संस्थेचा मुख्य पदाधिकारी देणगीदार संस्थेचा घटक असू नये. काका संग्रहालयाचे कार्याध्यक्ष आहेत आणि मंडळाचे आजीव सभासदही आहेत. अर्ज करण्यापूर्वी याचा निर्णय व्हायला हवा.

---

प्रेषक: सभासद (बांधकाम अभियंता)
विषय: पुनः भावाच्या नावाने देणगी

मला या कायद्यातले कळत नाही, पण छपराबद्दल लिहितो. वासे पोकळ झाले असतील तर कौलांचे वजन पुन्हा लाकडावर का घालायचे? लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि रंगीत पत्रे टाकले तर वाळवीचा प्रश्न कायमचा मिटेल, काम निम्म्या वेळात होईल आणि खर्चही आटोक्यात राहील. दरवर्षी कौले परतायला हल्ली माणसे मिळत नाहीत, हेही विचारात घ्यावे.

---

प्रेषक: सभासद (माहेर गुहागर)
विषय: पत्रे नकोत

अभियंता साहेबांच्या अनुभवाचा मान राखून मी याला स्पष्ट विरोध नोंदवते. आमच्या माहेरी मांगरावर, म्हणजे वाडीतल्या कोठारावर, पत्रे घातले आहेत. एप्रिलमध्ये दुपारी आत उभे राहवत नाही आणि आषाढात पावसाच्या आवाजात शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या पत्र्याला आतून पाणी सुटते आणि ते खाली ठिबकते. ज्या दालनात जुने कागद ठेवायचे त्यावर असे छप्पर घालणे म्हणजे गळती बाहेरून थांबवून आतून सुरू करणे आहे.

शिवाय ते छप्पर स्वतःच संग्रहालयाचा भाग आहे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथून पुढे ही चपटी, खाचेची कौले समुद्रमार्गे आपल्या बंदरांत उतरू लागली. त्याआधी घरे गवताने शाकारलेली असत किंवा कुंभाराच्या नळीच्या कौलांची. आपल्या संग्रहालयाच्या पाख्यावरची काही कौले उलटी करून पाहिली तर कारखान्याचा ठसा हाताला लागतो. एक कौल फुटले तर एकच बदलावे लागते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तेव्हा दापोली-मंडणगडकडे उडालेले पत्रे कुठल्या कुठे जाऊन पडले होते, हे मी माझ्या आत्याच्या वाडीत पाहिले आहे. लोखंडी कैच्या घालायच्या तर घालाव्यात, पण वर कौलेच असावीत.

---

प्रेषक: मराठी शाळा, मोडी वर्ग
विषय: ऑगस्टमधले स्वयंसेवक

छपरावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला आमच्या मुलांबद्दल विचारायचे आहे. सुट्टीत गावी जाणारी पाच-सहा मोठी मुले संग्रहालयात रुमाल उघडून स्कॅनिंगला मदत करू इच्छितात आणि त्यांच्या पालकांनी तिकिटेही काढली आहेत. युवा समितीने परस्पर या मुलांचे वेळापत्रक लावल्याचे मला कळले. मोडी वाचनाचे काम शाळेच्या वर्गात सुरू झाले, लिप्यंतर तपासण्याची पद्धत वर्गाने घालून दिली आणि ती जबाबदारी वर्गाकडेच राहावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नवशिक्याने वाचलेले पान दुसऱ्या जाणकाराने तपासल्याशिवाय संग्रहालयाच्या सूचीत जाऊ नये. खोतीच्या हिशेबात एक आकडा चुकला तर पुढचा अभ्यासक त्याच चुकीवर इमारत बांधतो.

---

प्रेषक: संग्रहालयाचे कार्याध्यक्ष
विषय: पुनः ऑगस्टमधले स्वयंसेवक, छप्पर व सभासदत्व

मोडी वर्गाच्या बाईंशी मी पूर्ण सहमत आहे. तपासणी वर्गाकडेच असावी. मात्र ऑगस्टमध्ये आम्ही एकही रुमाल उघडत नाही. भर पावसात इथली हवा इतकी दमट असते की उघडा ठेवलेला कागद हाताला ओलसर लागतो, पाने एकमेकांना चिकटतात आणि काही दिवसांत कडेला बुरशीचे करडे ठिपके उठतात. मग ती पाने सोडवताना अक्षरेच निघून येतात. स्कॅनिंग आम्ही दिवाळी ते शिमगा याच काळात करतो. तेव्हा स्कॅन केलेली पाने मुलांना तिकडे घरबसल्या वर्षभर वाचता येतील आणि त्याचीच आम्हाला खरी गरज आहे.

ऑगस्टमध्ये आलेल्या मुलांसाठी दुसरे काम आहे. मुंबईची बोट दाभोळला लागत असे तेव्हा तिने प्रवास केलेली माणसे खाडीच्या दोन्ही काठांवर अजून आहेत. बोट खोल पाण्यात थांबे आणि उतारूंना, त्यांच्या ट्रंकांना आणि आंब्याच्या पेट्यांना पडावातून, म्हणजे लहान होडीतून, ने-आण करावी लागे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यानंतर जन्मलेल्या मुलांना याची कल्पनाच नाही. या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ते कोणत्या गावचे, कोणत्या साली, कोणाबरोबर गेले याची नोंद वहीत करायची आहे. पडावाचे एक सुकाणू आमच्याकडे आहे, पण ते कसे धरत हे सांगणारा आवाज संग्रहात नाही. मुलांनी पायांत धड पकड असलेली चप्पल आणावी, कारण वाड्यांतल्या पाखाड्या (दगडी पायवाटा) शेवाळलेल्या असतात.

छपराबाबत विश्वस्तांचे ठरले आहे. काम दोन टप्प्यांत होईल. पश्चिमेचे पाखे, म्हणजे कागदांवरचे छप्पर, आगोटीपूर्वी गावची वर्गणी, ग्रामस्थ मंडळाच्या मुंबई शाखेने कबूल केलेली रक्कम आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदांच्या वैयक्तिक देणग्या यांतून होईल. वासे नवे, कौले जुनीच. मागची पडवी आम्ही ताडपत्रीवर या पावसाळ्यातून काढू आणि तिचे छप्पर दिवाळीनंतर, परवानगी मिळाल्यावर, मंडळाच्या निधीतून करू. अशा रीतीने आवाहनातला छपराचा शब्दही पाळला जाईल आणि देणगीदारांना पुन्हा विचारण्याची वेळ येणार नाही.

ताईंनी मांडलेला मुद्दा योग्य आहे. कार्याध्यक्षपद दुसऱ्याकडे द्यावे असे मला तिघांनी कळवले. पण इथे सुतारापासून तहसील कार्यालयापर्यंत रोज कोणीतरी उभे राहावे लागते, आणि ते काम करायला सध्या माझ्याशिवाय मोकळा माणूस नाही. म्हणून मंडळाच्या आजीव सभासदत्वाचा राजीनामा या मेलसोबत कार्यवाहांकडे पाठवत आहे. तो कृपया स्वीकारावा.

---

प्रेषक: सभासद (मूळचे चिपळूणचे)
विषय: पुनः छप्पर व सभासदत्व

काका, तुम्ही राजीनामा देऊ नका. पहिल्या गणपतीची वर्गणी दारोदार फिरून तुम्ही जमवलीत. ज्या मंडळात तुम्ही सभासद नाही त्याच्या नावाने तुम्हाला पैसे द्यायचे, हे मला पटत नाही. आपण एक वर्ष थांबू. तोवर दुसरा कार्याध्यक्ष मिळेल.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: पुनः पुनः छप्पर व सभासदत्व

दादा, वर्षभर थांबलो तर पडवी दुसरा पावसाळाही ताडपत्रीवर काढील. कार्यकारिणीने काकांचा राजीनामा दुःखाने, पण त्यांच्याच इच्छेप्रमाणे स्वीकारला आहे. मेलिंग यादीवरचे त्यांचे नाव काढण्याचे काही कारण नाही, ते तसेच राहील.

वचनपत्राबद्दल एक व्यवहाराची गोष्ट आहे. परवानगी ठरावीक रकमेची मिळते, म्हणून गिफ्ट एडची भर खात्यात जमा होण्यापूर्वी पत्र दिले तर तेवढी रक्कम बाहेर राहील. दावा मी याच आठवड्यात दाखल करतो आणि पैसे जमा झाल्यावरच पत्रावर सही करतो. काकांनी पडवीची लांबी-रुंदी, सुताराचा सहीचा अंदाज आणि जुन्या छपराची छायाचित्रे पाठवावीत. देणगीदारांच्या नावांचा फलक लावायचा झाल्यास तो पडवीतच लागावा, कारण पश्चिमेच्या पाख्यात मंडळाचा पैसा नाही.

---

प्रेषक: हिशेब तपासनीस
विषय: वचनपत्र

रक्कम पौंडांत लिहावी की रुपयांत, आणि विनिमय दरातला फरक कोणी सोसायचा, हे तपासून शनिवारपर्यंत कळवते. ज्या चौघांनी भारतीय पासपोर्टवर वैयक्तिक देणगी देण्याचे कबूल केले आहे, त्यांनी हस्तांतर करताना कारणाच्या रकान्यात मंडळाचे नाव कृपया लिहू नये.