इंटरनॅशनल स्टडीजचे १२० क्रेडिट्स, नक्की कशाचे?

मानसी (सी-२०३): नमस्कार सगळ्यांना, विषय सोसायटीचा नाहीये पण इथे कोणाला तरी माहीत असेल म्हणून टाकतेय. आमच्या ईशाला अमेरिकेतून अ‍ॅडमिशन आलीये, इंटरनॅशनल स्टडीज मेजर, म्हणजे मुख्य विषय. त्यांचं डिग्री रिक्वायरमेंट्सचं पान वाचतेय सकाळपासून आणि काही झेपत नाहीये. कोर्स पास केला की क्रेडिट्स मिळतात म्हणे, ते एकूण १२० आणि त्यात मेजरचे फक्त ३६?? मग बाकीचे ८४ कसले?

जोशी काका (ए-१०१): आमच्या वेळी राज्यशास्त्र घेतलं की राज्यशास्त्रच शिकवायचे. एवढे पैसे भरायचे आणि मुख्य विषय तिसरा हिस्सासुद्धा नाही?

मानसी (सी-२०३): तेच ना काका

अद्वैत (बी-४०४): काकू मी सांगतो, मी तिथेच हेच मेजर करून आलोय. उरलेल्यात एक मोठा गठ्ठा जनरल एज्युकेशनचा असतो, म्हणजे लेखनाचा कोर्स, गणित किंवा स्टॅट्स, एखादं लॅबवालं सायन्स, साहित्य-कला वगैरे, आणि मग इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या आवडीचं काहीही. तिकडच्या बॅचलर्सचा साचाच तसा आहे, मेजर कुठलंही असो. पण १२० कडे बघत बसू नका, ते भरतात आपोआप. भाषेची अट काय लिहिलीये ते बघा आधी.

मानसी (सी-२०३): "चार सेमिस्टर किंवा इंटरमीडिएट पातळी, निवडलेल्या प्रदेशाशी सुसंगत भाषा" असं काहीतरी आहे

रेवती (ए-३०२): अगं मग सोपंय, ईशाला मराठी हिंदी दोन्ही येतं, माफी मिळेल की

अद्वैत (बी-४०४): रेवती काकू तिथेच गोची आहे. युनिव्हर्सिटीची सगळ्यांसाठीची भाषेची अट असते त्यात बऱ्याच ठिकाणी मातृभाषेवर सूट मिळते, पण मेजरची अट वेगळी. ईशाने प्रदेश दक्षिण आशिया घेतला तर हिंदी किंवा उर्दू चालू शकेल, डिपार्टमेंटला विचारायचं. मिडल ईस्ट घेतला तर हिंदीचा उपयोग शून्य.

मानसी (सी-२०३): तिला मिडल ईस्टच हवंय 😐 आणि अकरावी-बारावीत फ्रेंच होतं

अद्वैत (बी-४०४): फ्रेंचची प्लेसमेंट टेस्ट देऊन वरच्या लेव्हलला बसता येतं, आणि उत्तर आफ्रिकाही त्या प्रदेशात धरत असतील तर फ्रेंच मान्य होतं का ते विचारा. पण अरबी घ्यायची ठरली तर पहिल्या सेमिस्टरलाच सुरू. अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं ना, त्यांचा हिशोब असा आहे की स्पॅनिशला साधारण ३० आठवडे आणि अरबीला ८८, तेही दिवसभर फक्त तेच शिकून. कॉलेजात ही पाच कोर्सेसमधली एक असते. आणि भाषेचे कोर्स नंबराने ओळीने असतात, १०१ नंतर १०२, मग २०१, २०२, मधलं एक सुटलं की कधीकधी पुढच्या वर्षापर्यंत वाट बघा.

जोशी काका (ए-१०१): अर्थशास्त्र पण आहे का त्यात? नसेल तर आंतरराष्ट्रीय काय शिकणार कपाळ

अद्वैत (बी-४०४): आहे काका 😄 मायक्रो आणि मॅक्रो दोन्ही बहुतेक ठिकाणी कंपल्सरी, ते झाल्याशिवाय आंतरराष्ट्रीय व्यापाराचा कोर्स देत नाहीत. तसंच स्टॅट्स झाल्यावर रिसर्च मेथड्स, ते झाल्यावर शेवटच्या वर्षाचा कॅपस्टोन म्हणजे मोठा प्रोजेक्ट, किंवा थीसिस. आणि तिसऱ्या वर्षी एक सेमिस्टर दुसऱ्या देशात जायचं म्हणतात, तिथले कोर्स मेजरला धरणार की नाही ते जायच्या आधी लेखी मंजूर करून घ्यायचं, परत आल्यावर भांडून उपयोग नसतो.

अद्वैत (बी-४०४): अजून एक, बारीक अक्षरात असतं. "मेजरच्या कोर्सला किमान सी ग्रेड." डी मिळाला तर १२० मध्ये क्रेडिट पडतं पण मेजरमध्ये धरत नाहीत, कोर्स परत.

रेवती (ए-३०२): एका सेमिस्टरला किती क्रेडिट्स घ्यायचे असतात? माझ्या भाचीला १२ सांगितले होते

अद्वैत (बी-४०४): १२ म्हणजे व्हिसासाठी फुल-टाइम धरायची किमान संख्या. आठ सेमिस्टर १२-१२ घेतले तर ९६ होतात, २४ कमी पडतात, म्हणजे सरासरी १५ घ्यायलाच लागतात नाहीतर पाचव्या वर्षाची फी. हे कोणी स्वतःहून सांगत नाही.

जोशी काका (ए-१०१): आणि एवढं करून पुढे नोकरी? राजदूत होणार का पोरगी?

अद्वैत (बी-४०४): तिकडच्या फॉरेन सर्व्हिसला अमेरिकन नागरिकत्व लागतं. आपल्याकडे यूपीएससीतून परराष्ट्र सेवेत जाता येतं, त्याला कुठलीही मान्य पदवी चालते, हेच मेजर पाहिजे असं अजिबात नाही. तिथेच नोकरी करायची तर डिग्रीनंतर १२ महिने ओपीटी म्हणजे कामाची परवानगी मिळते, स्टेमवाल्यांना (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) वर २४ महिने मिळतात, इंटरनॅशनल स्टडीज सहसा त्या यादीत नसतं. म्हणून काहीजण क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स सोबत डबल मेजर करतात. माझं स्पष्ट मत, नुसतं हे मेजर पातळ आहे, भाषा किंवा आकडे यातलं एक तरी पक्कं हवं.

मानसी (सी-२०३): डबल मेजर म्हणजे डबल क्रेडिट्स??

अद्वैत (बी-४०४): नाही हो, काही कोर्स दोन्हीकडे धरतात, किती ते प्रत्येक डिपार्टमेंट ठरवतं. आणि ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीच्या कॅटलॉगचे नियम सहसा शेवटपर्यंत लागू असतात, ते पान आत्ताच पीडीएफ करून ठेवा, नंतर वेबसाइट बदलते.

मानसी (सी-२०३): केलं सेव्ह. ईशा शेजारी बसून वाचतेय, म्हणतेय अरबी १०१ फक्त फॉलमध्येच म्हणजे पहिल्या सेमिस्टरलाच आहे आणि त्याच वेळेला मायक्रोचं लेक्चर आहे, दोन्ही क्लॅश होतायत

अद्वैत (बी-४०४): मायक्रो स्प्रिंगला म्हणजे पुढच्या सेमिस्टरला पण असणार, तिकडे ढकल म्हणावं. अरबी हलवायची नाही.