मालिकेच्या सेटवर 'गर्दीतला माणूस' म्हणून जायचंय, नेमकं काय करायचं असतं?

नवाच_आहे:
नमस्कार. नोकरीतून नुकताच मोकळा झालोय. ओळखीतून एका मालिकेत मागे दिसणाऱ्या माणसांमध्ये उभं राहायचं बोलावणं आलंय. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरचा सीन आहे आणि 'साधे कपडे, दोन-तीन जोड आणा' एवढाच निरोप मिळाला. साधे म्हणजे कसे? तिथे कुणी शिकवतं का? मुलगी म्हणते की दिवसभर नुसतं बसवून ठेवतात, हे खरं का? आणि शेवटचं, जरा लाजत विचारतो: नातेवाइकांना सांगून ठेवू का?

तिसरी_खुर्ची:
काका, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: सांगू नका. फोकस बोलणाऱ्या नटावर असतो, मागचं सगळं धूसर होतं. तुमच्या बहिणीला पडद्यावर एक राखाडी शर्ट डावीकडून उजवीकडे जाताना दिसेल, आणि तो तुमचाच होता हे तुम्हाला फोन करून पटवावं लागेल.

आता काम. मी बरीच वर्षं हेच करतेय आणि नवीन माणूस अडखळतो ती जागा ठरलेली आहे. त्याला वाटतं, चालायचंच तर आहे. चालायचंच आहे, पण दर वेळी तसंच. दोन नट कॉरिडॉरमध्ये उभे राहून बोलताहेत असं समजा. आधी अख्खा सीन लांबून घेतात, तो मास्टर. मग तोच सीन एकाच्या खांद्यावरून, मग दुसऱ्याच्या, मग एकेकाचा क्लोज, म्हणजे जवळून नुसता चेहरा. तुमचं पासिंग, म्हणजे मागून चालत जाणं, यातल्या बऱ्याच शॉट्समध्ये असतं. पुढे एडिटर पहिलं वाक्य मास्टरमधून उचलतो, दुसरं क्लोजमधून. मास्टरमध्ये तुम्ही फाइल उजव्या हातात धरून दारापाशी पोचलेले आणि क्लोजमध्ये फाइल डाव्या हातात घेऊन अजून खांबापाशीच असाल, तर तो कट जोडता येत नाही. म्हणून कुठला हात, कुठून निघालो, कुठे थांबलो हे डोक्यात पक्कं बसवा.

कधी निघायचं हे मनात एक-दोन-तीन मोजून ठरवू नका. तोच शॉट पुन्हा पुन्हा घेतात, त्या प्रत्येक खेपेला टेक म्हणतात. नट एका टेकला भरभर बोलतो, दुसऱ्याला मध्येच डोळे पुसतो, आणि तुमचे आकडे कोलमडतात. संवादातला एखादा शब्द पकडा. डॉक्टर झालेला नट 'रिपोर्ट' म्हणाला की निघायचं, मग तो ते कितव्या सेकंदाला म्हणतो याच्याशी देणंघेणं नाही. उभं केलंय तिथे संवाद ऐकू येत नसेल तर कुणाची तरी हालचाल पकडा: नर्स वळली की मी निघाले, असं. असिस्टंट डिरेक्टर हाताने खूण करणार असेल तर प्रश्नच मिटला.

शिकवत वगैरे कुणी नाही. 'तुम्ही इथून त्या दारापर्यंत जा' एवढंच सांगतात. तेव्हाच विचारून घ्या: दारातून आत जायचं की बाहेर थांबायचं? घाईत की रमतगमत? नंतर विचारायला कुणाला वेळ नसतो. 'कट' झालं की रेंगाळू नका. 'पुन्हा' ऐकलं की गुपचूप पहिल्या जागेवर. नट वाक्य विसरला तरी 'कट' येईपर्यंत तुमचं चालू ठेवा. आणि कॅमेरा फिरवल्यावर 'आता जरा भिंतीकडून जा' म्हणाले, तर 'मघाशी तर मधून गेलो होतो' असा वाद घालू नका. लेन्समधून काय दिसतंय ते त्यांना कळतं, आपल्याला नाही.

कॅमेऱ्याकडे बघायचं नाही हे सगळ्यांनाच माहीत असतं, तरी डोळे तिकडे ओढले जातातच. चालताना समोर एक वस्तू ठरवा, खोलीचा नंबर, घड्याळ, काहीही, आणि तिच्याकडेच जा. मनात एक कारण असू द्या: भावाला बघायला आलोय, मजला चुकलाय. पण ते चेहऱ्यावर आणू नका. एका गृहस्थांना नुसतं बाकावर बसायचं होतं, तर ते दर टेकला जास्त जास्त दुःखी होत गेले. तिसऱ्या टेकनंतर त्यांना पाठमोरं बसवलं.

मागे दोघांनी 'गप्पा मारायच्या' असतील तर आवाज काढायचा नाही. नवी माणसं इथे दोघंही एकदम तोंडं हलवतात, आणि ते बघवत नाही. एकाने ऐकावं. मला विचाराल तर ऐकणाऱ्याचं काम घ्या, तेच जास्त खरं दिसतं.

कपडे: पांढरा शुभ्र नको, तो दिव्यात भगभगतो आणि सगळ्यांची नजर तुमच्याकडे जाते. लालभडकही त्याच कारणाने नको. बारीक रेघा आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात थरथरल्यासारख्या दिसतात. कंपनीचं नाव किंवा चित्र छापलेलं काही नको. राखाडी, मातकट, फिका निळा, असं आणा, इस्त्री करून. त्याच सीनसाठी दुसऱ्या दिवशीही बोलावलं असेल तर मध्ये केस कापू नका, मिशी उडवू नका.

मुलगी बरोबर सांगतेय. कॅमेरा एका बाजूने बघत असतो तोवर त्या बाजूचं सगळं घेऊन टाकतात, मग उलटं फिरतात. उलटं फिरलं की दिवे नव्याने लावायचे, आणि त्याला वेळ लागतो. पुस्तक न्या. स्वच्छतागृहात जातानाही असिस्टंटला सांगून जा, नेमकी तेव्हाच हाक येते.

कान_उघडा:
मी साउंडला असतो, म्हणून तेवढंच सांगतो. रबरी तळव्याचे बूट घाला. टाचांचा टकटकाट संवादावर आला की तो टेक गेला. प्लास्टिकची पिशवी आणू नका, कापडी आणा. टाळ्या वाजवायच्या सीनमध्ये तळहात एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, टाळ्या आम्ही वेगळ्या रेकॉर्ड करतो. पार्टीचा सीन असला तर गाणं सुरुवातीला थोडं वाजवून बंद करतात आणि सगळे शांततेत नाचतात. कधी फक्त खूप खालचा ठेका सोडतो, तो नंतर गाळून टाकता येतो. आणि सीन संपल्यावर 'रूम टोन' असं ओरडलं की अर्धा-एक मिनिट पुतळा व्हा. त्या जागेचा रिकामा आवाज आम्हाला संवादांच्या फटी भरायला लागतो. नेमकं त्याच वेळी कुणीतरी खुर्ची सरकवतं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

कारलं_कडूच:
सगळे कौतुकाने शिकवताहेत, पैशांचं कुणी बोलेना. काका, 'नोंदणी फी' किंवा 'फोटो काढून घ्या, मग काम देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ उठा. काम देणारा तुमच्याकडून पैसे घेत नसतो. किती तासांचे किती, तास वाढले तर काय, पैसे कधी आणि कोण देणार, हे आधी मेसेजवर लिहून घ्या. मला एका समन्वयकाने, म्हणजे सेटवर माणसं पुरवणाऱ्याने, महिनोन् महिने फिरवलं होतं, आणि हातात लेखी काही नव्हतं. आणि इथून पुढे मोठी भूमिका मिळते वगैरे डोक्यात आणू नका.

तिसरी_खुर्ची:
पैशांचं म्हणणं सोळा आणे खरं. मी आता आलेली वेळ आणि निघालेली वेळ वहीत लिहून समन्वयकाची सही घेते. भूमिकेबद्दल मात्र थोडं वेगळं मत आहे. मोठी नाही, पण एखादं वाक्य मिळू शकतं. कोपऱ्यातल्या रिसेप्शनिस्टने 'सर, इकडून' म्हणायचं असं आयत्या वेळी ठरतं, आणि मग जो दर टेकला बरोबर जागेवर असतो त्यालाच उचलतात. मला असंच मिळालं होतं. एडिटमध्ये ते गेलं ही गोष्ट वेगळी.

नवाच_आहे:
सगळ्यांचे आभार, वहीचं लक्षात ठेवतो. एक राहिलं: मला चष्म्याशिवाय दार आणि खांब सारखेच दिसतात. चष्मा चालतो का?

तिसरी_खुर्ची:
चालतो की. फक्त पहिल्या टेकला घातलात तर शेवटपर्यंत घाला. काचेत दिवा चमकतोय असं कुणी म्हणालं तर काड्या कानांवरून किंचित वर उचला, काच थोडी खाली झुकते आणि चमक जाते. बाहेर उन्हात शूटिंग असेल तर उन्हात काळी होणारी काच नको, एका शॉटमध्ये पांढरी आणि पुढच्यात काळी दिसते. जुना साधा चष्मा असेल तर तो पिशवीत टाका.