लिलिपाँडच्या मॅन्युअलमधे टायपो दिसले तर दुरुस्ती कुठे आणि कशी पाठवायची?

काळी_चार:
सध्या लिलिपाँड (कोड लिहून पाश्चात्त्य स्वरलेखन छापणारा प्रोग्राम) शिकतोय, त्याचं मॅन्युअल, म्हणजे नोटेशन रेफरन्स, पहिल्या पानापासून वाचायला घेतलाय (हो, असं कुणी वाचत नाही, माहितीये). कुठे एखादं अक्षर गळलेलं, कुठे एकच शब्द लागोपाठ दोनदा, असं बारीकसारीक मधेच दिसतं, आता एवढं अवाढव्य मॅन्युअल म्हटल्यावर राहणारच, तक्रार अजिबात नाही. पण दिसलंच आहे तर सांगावं असं वाटतं. प्रोग्रामिंग येत नाही, गिट (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) फक्त ऐकून माहीत. पीडीएफवर पिवळ्या खुणा करून पाठवलं तर चालतं का? आणि दुसरं म्हणजे काही ठिकाणी ती खरंच चूक आहे की मलाच कळत नाहीये हेच समजत नाही, जसं जी मेजरच्या उदाहरणात कोडमधे सूर 'फिस' असा लिहिलाय, मला वाटलं एफच्या पुढे चुकून काहीतरी टाइप झालं.

पांढरी_एक:
फिस बरोबर आहे, त्याला हात लावू नका 😄 लिलिपाँडमधे सुरांची नावं मुळात डच पद्धतीची आहेत, एफ शार्प म्हणजे फिस, बी फ्लॅट म्हणजे बेस. की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या खुणा) जी मेजरची दिली तरी कोडमधे फिसच लिहावं लागतं, नुसतं एफ लिहिलंत तर प्रोग्राम तो शुद्ध एफ समजून सुराच्या आधी नॅचरलची (शार्पही नाही, फ्लॅटही नाही अशी) खूण छापतो. म्हणजे उदाहरणात नुसता एफ दिसला तरी लगेच चूक धरू नका, कदाचित नॅचरल कशी येते तेच दाखवायचं असेल, आधी आजूबाजूचा मजकूर वाचा.

पीडीएफवर खुणा नकोत. पीडीएफ आणि वेबपानं दोन्ही टेक्सइन्फो (मॅन्युअल लिहायचा साधा टेक्स्ट फॉरमॅट) फाइलींमधून तयार होतात, त्यामुळे पान नंबर सांगून समोरच्याला काही सापडत नाही. सेक्शनचा नंबर आणि नाव, आत्ता काय छापलंय ते वाक्य, आणि काय हवं ते वाक्य, एवढं त्यांच्या बगच्या मेलिंग लिस्टवर टाकलं की झालं. रीतसर पॅच (बदलांची तयार फाइल) लागत नाही, असं त्यांच्या काँट्रिब्यूटर गाइडमधेच लिहिलंय. फक्त पाठवायच्या आधी डेव्हलपमेंट आवृत्तीचं मॅन्युअल उघडून बघा, टिंबानंतरचा आकडा विषम असतो ती, जसं २.२४ स्टेबल तर २.२५ डेव्हलपमेंट. बऱ्याचदा तिकडे आधीच दुरुस्त झालेलं असतं.

भाता_ढिला:
वरचं सगळं बरोबर, पण माझं मत विचाराल तर गद्यातल्या स्पेलिंगपेक्षा उदाहरणांच्या कोडमधले टायपो शोधा, खरा त्रास तिथे होतो. मॅन्युअलमधलं स्वरलेखनाचं चित्र कुणी वेगळं काढून चिकटवलेलं नसतं, शेजारी दिसणारा कोड चालवूनच ते बनतं, त्यामुळे कोड आणि चित्र कायम जुळतात आणि म्हणूनच चूक लपते. महिरपी कंस राहिला किंवा कमांडचं नाव चुकलं तर मॅन्युअल बनतानाच बोंब होते, ते कुणीतरी लगेच पकडतं. पण रिलेटिव्ह मोडमधे (जिथे प्रत्येक सुराचा ऑक्टेव्ह आधीच्या सुरावरून ठरतो) वरचा ऑक्टेव्ह दाखवणारा एक अॅपॉस्ट्रॉफी गळला की तिथून पुढचे सगळे सूर एक ऑक्टेव्ह खाली जातात आणि प्रोग्रामला त्यात काही वावगं वाटत नाही. कालमानाचंही तसंच, चारच्या जागी आठ पडला की पुढचा आकडा येईपर्यंत सगळे सूर एट्थ नोट. बार चेकची (माप इथे पूर्ण होतंय ना ते तपासणारी) उभी रेघ टाकलेली असेल तर निदान वॉर्निंग येते, पण वॉर्निंगने काम थांबत नाही. प्रॉपर्टीचं (रंग, आकार अशा सेटिंगचं) नाव चुकलं, समजा कलरच्या स्पेलिंगमधे ब्रिटिश पद्धतीचा यू घातला, तरी नुसती वॉर्निंग येऊन नोटहेड काळंच्या काळं राहतं, आणि वाचणारा बसतो डोकं खाजवत.

अजून एक जागा म्हणजे वाक्याच्या मधे आलेली कमांड. ती चालवली जात नाही, नुसती वेगळ्या टायपात छापली जाते, त्यामुळे तिथे अच्चाकातुरा (छोटा जोडसूर छापायची कमांड) याच्या स्पेलिंगमधला एक सी गायब असला तरी मशीन काही बोलत नाही. मी असल्या कमांडी उचलून छोट्या फाइलमधे चालवून बघतो. कंटाळवाणं आहे, पण डोळ्यांपेक्षा भरवशाचं.

मुखडा_विसरलो:
एक विनंती, स्वल्पविराम आणि 'हे वाक्य मी असं लिहिलं असतं' यांच्या मागे लागू नका. भाषांतराच्या प्रत्येक फाइलीत वर नोंद असते की हे इंग्रजीच्या कुठल्या कमिटवरून (गिटमधे नोंदलेल्या बदलावरून) केलंय, इंग्रजी फाइल बदलली की फ्रेंच, स्पॅनिश, जपानीवाल्यांना तो फरक बघावा लागतो, आणि तिथे निघतो एक स्वल्पविराम.

भाता_ढिला:
@मुखडा_विसरलो अर्धवट पटलं. वाक्य उगाच बदलू नये हे मान्य, पण स्वल्पविरामाने अर्थ बदलत असेल तर भाषांतरवाल्यांनाही तो कळायलाच हवा. टाय (एकाच सुराच्या दोन नोटा जोडणारी कमान) कुठे संपतो आणि स्लर (वेगवेगळे सूर जोडणारी कमान) कुठे सुरू होतो असल्या वाक्यात फार फरक पडतो राव.

काळी_चार:
भारी, धन्यवाद सगळ्यांना. मेल तर करतोच, पण गिटलॅबवर (लिलिपाँडच्या फाइली जिथे ठेवल्यात ती साइट) ब्राउझरमधूनच फाइल बदलता येते म्हणतात, ते मला जमेल का?

पांढरी_एक:
जमेल की. अकाउंट काढा, फोर्क (स्वतःची प्रत) करा, डॉक्युमेंटेशन फोल्डरमधे इंग्रजीच्या फाइली वेगळ्या आहेत त्यात शोधा, बदल करून मर्ज रिक्वेस्ट (बदल मूळ फाइलीत घ्या अशी विनंती) टाका. अख्खं वाक्य शोधू नका, सोर्समधे ओळ कुठेही तुटलेली असते, तीन-चार शब्दच टाका. फाइलीच्या डोक्यावर 'ही आपोआप बनलीये, हाताने बदलू नका' असं काही दिसलं तर ती तशीच बंद करा, तुमचा बदल पुढच्या वेळी पुसला जाईल. इंटर्नल्स रेफरन्सचं (प्रॉपर्टींची यादी असलेल्या दुसऱ्या मॅन्युअलचं) तर वेगळंच, ते प्रोग्रामच्या सोर्समधूनच निघतं, प्रॉपर्टीचं वर्णन स्कीम या प्रोग्रामिंग भाषेतल्या फाइलीत असतं, तिथला टायपो सापडला तर सरळ मेल करा.

सेक्शनच्या नावात चूक असेल तर मात्र परस्पर बदलू नका, त्या नावाला बाकीच्या पानांवरून दुवे दिलेले असतात आणि वेबपानाचा पत्ताही त्यावरूनच बनतो. आधी विचारा. आणि चालू मजकुरात महिरपी कंस लिहायचा तर त्याच्या आधी अॅटचं चिन्ह लागतं, ज्या कोडवरून चित्र बनतं त्यात लागत नाही.

भाता_ढिला:
आणि दुरुस्ती वर्ड प्रोसेसरमधे टाइप करून पेस्ट करू नका हो, तो अॅपॉस्ट्रॉफी आपसूक वाकडा करतो आणि तसला लिलिपाँडला चालत नाही, दुरुस्तीतच नवा टायपो. साध्या टेक्स्ट एडिटरमधे करा.

काळी_चार:
ओके, साधा एडिटरच वापरतो. डेव्हलपमेंटचं मॅन्युअल उघडून बसलोय, माझ्या यादीतले बरेचसे तिकडे आधीच गेलेत 😅 उरलेले सेक्शनप्रमाणे लावून आज रात्री मेल टाकतो.