ज्याला देवीने मारले, त्याचेच नाव गावाला कसे राहिले?

प्रश्न : करवीरकन्या

गेल्या नवरात्रात ललितापंचमीला मी माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन त्र्यंबोलीच्या टेकडीवर गेले होते. अंबाबाईची पालखी वर आली, अंबाबाई आणि त्र्यंबोली यांची भेट झाली आणि मग कुमारिकेने त्रिशूळ उचलून कोहळ्यावर घाव घातला. कोहळा फुटताक्षणी त्याच्या फोडी मिळवण्यासाठी जी झुंबड उडते, ती कोल्हापूरकरांना सांगायला नको. आम्ही कडेला उभ्या होतो. तेवढ्यात भाचीने विचारले, "मावशी, कोल्हासुर इतका वाईट होता, तर गावाला त्याचे नाव का ठेवले?"

माझ्या आजीने सांगितलेली गोष्ट मी तिला सांगितली. मरताना कोल्हासुराने देवीकडे वर मागितला की या क्षेत्राला माझे नाव राहावे आणि दरवर्षी कोहळ्याचा बळी दिला जावा. देवीने 'तथास्तु' म्हटले. त्यावर तिचा पुढचा प्रश्न आला, "मग देवी 'नाही' का म्हणाली नाही?" याचे उत्तर मला देता आले नाही. आपल्या पुराणांप्रमाणे जगातील इतर पुराणकथांतही मारल्या गेलेल्या दैत्याचे नाव त्या ठिकाणाला चिकटून राहिलेले दिसते का, आणि तसे असेल तर त्यामागे कोणता विचार असावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : पोथीवाचक

आपल्या भाचीने नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. या प्रश्नाला सर्वांत जवळचे उदाहरण ग्रीसमधील डेल्फीचे आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

पार्नासस पर्वताच्या उतारावर असलेले डेल्फी हे अपोलो देवाचे क्षेत्र. देवाचा कौल घेण्यासाठी राजे-रजवाडे तेथे येत असत. अपोलो तेथे आला, तेव्हा झऱ्याकाठी एक भयंकर नागीण राहत होती आणि माणसांचा व गुराढोरांचा फडशा पाडत होती. अपोलोने तिला बाणाने मारले आणि 'आता येथेच कुजून जा' असे म्हटले. सूर्याच्या तापाने तिचे प्रेत कुजले, आणि ग्रीक भाषेत कुजण्याला जे क्रियापद आहे, त्यावरून त्या जागेला 'पुथो' हे नाव पडले, असे होमरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन अपोलोस्तोत्रात सांगितले आहे. त्या स्तोत्रातील नागीण निनावी आहे. नंतरच्या लेखकांनी तिच्या जागी 'पायथॉन' नावाचा नाग आणला. विशेष म्हणजे अपोलो स्वतः 'पुथिओस' म्हणवला गेला, कौल सांगणारी पुजारीण 'पुथिया' झाली आणि दर 4 वर्षांनी तेथे भरणाऱ्या स्पर्धांनाही तेच नाव मिळाले. या स्पर्धा मेलेल्या पायथॉनच्या स्मरणार्थ सुरू झाल्या, असेही काही परंपरा सांगतात. म्हणजे विजय देवाचा, आणि नाव मात्र सर्वत्र पराभूताचे.

आपण पाहिलेल्या कोहळ्याच्या विधीला तर तेथे जोडच सापडते. प्लुटार्क हा लेखक स्वतः डेल्फीच्या मंदिरात पुजारी होता. दर 8 वर्षांनी होणाऱ्या एका उत्सवाचे वर्णन त्याने केले आहे. एक झोपडीवजा मांडव उभारला जाई. ज्याचे आई-वडील दोघेही हयात आहेत अशा मुलाला मशालींच्या उजेडात तेथे नेले जाई. मांडवाला आग लावून, आतील मेज उलथून, सर्व जण मागे वळून न पाहता पळून जात. त्यानंतर तो मुलगा दूर थेसलीतील टेम्पे नावाच्या खोऱ्यात जाऊन शुद्ध होई, कारण अपोलोलाही नागवधानंतर शुद्धी करून घ्यावी लागली होती. तिकडे एक मुलगा, आपल्याकडे एक कुमारिका. दोन्हीकडे देवाचे कृत्य निष्पाप लेकराच्या हातून पुन्हा घडवले जाते.

प्लुटार्कच्या वर्णनातील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. तो मांडव नागाच्या बिळासारखा दिसत नसून एखाद्या राजाच्या निवासासारखा दिसतो, असे तेथे नोंदवले आहे. आपला कोल्हासुरही कथेत या भूमीचा राजाच आहे. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. मारला गेलेला दैत्य हा त्या जागेचा आधीचा धनी असतो. नवे दैवत येऊन बसते, परंतु मूळ धन्याचा मान बुडवून त्या जागेवर सुखाने नांदता येत नाही, ही भावना लोकांच्या मनात खोल रुजलेली असते. शिवाय वध कितीही न्याय्य असला, तरी त्याचा दोष लागतोच. वृत्राला मारल्यावर इंद्रालाही ब्रह्महत्येच्या भयाने कमळाच्या देठात लपून बसावे लागले आणि स्वर्गाच्या गादीवर नहुषाला बसवावे लागले, ही महाभारतातील कथा आपण जाणताच. म्हणून देवी 'नाही' म्हणाली नाही. जे देणे होते, तेच तिने दिले, असे भाचीला सांगावे.

उत्तर २ : शिलालेखप्रेमी

वरील उत्तर आवडले, तथापि एका गोष्टीची जाणीव ठेवली पाहिजे. पुष्कळदा नाव आधीचे असते आणि दैत्य मागाहून जन्माला येतो. शिलाहारांच्या लेखांत या नगराचे नाव 'कोल्लापूर' असे येते, जैन परंपरेत 'क्षुल्लकपूर' असेही येते. नावाचा मूळ अर्थ विसरला गेला की लोक त्यातून गोष्ट घडवतात.

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठी तारास्काँ नावाचे गाव आहे, त्याचे उदाहरण घ्यावे. मध्ययुगीन कथेनुसार 'तारास्क' नावाचा एक अक्राळविक्राळ प्राणी तेथे माणसे खात असे. संत मार्था हिने क्रूस दाखवून व पवित्र पाणी शिंपडून त्याला शांत केले आणि आपल्या कमरपट्ट्याने बांधून गावात आणले. तो मुकाट मागून आला होता, तरीही गावकऱ्यांनी त्याला ठार केले आणि पुढे गावालाच त्याचे नाव पडले. ऐकायला ही कथा पटते. परंतु स्ट्रॅबो या भूगोलकाराने इसवी सनाच्या आरंभीच या गावाचा उल्लेख जवळजवळ याच नावाने केला आहे, म्हणजे ख्रिस्ती संतांच्या कथा तिकडे पसरण्याच्या कितीतरी आधी. गावाने प्राण्याला नाव दिले, प्राण्याने गावाला नव्हे. तरीही 1474 साली रेने राजाने त्या प्राण्याच्या नावाने उत्सव सुरू केला आणि त्याची भलीमोठी प्रतिमा आजही गावातून मिरवली जाते.

उत्तर ३ : येळकोट

नाव केवळ गावालाच राहते असे नाही, ते देवालाही चिकटते. आमच्या कुलदैवताला आम्ही मल्हारी म्हणतो, म्हणजे मल्लाचा अरी. मल्ल दैत्याचे नाव घेतल्याशिवाय आम्हाला देवाला हाकही मारता येत नाही. मणीने तर शरण येऊन देवाजवळच जागा मागून घेतली. मुरारी, मधुसूदन ही नावे तशीच. वेदांत इंद्र वृत्रहन् आहे. ग्रीकांचा हर्मीस देव 'आर्गसला मारणारा' या अर्थाच्या बिरुदाने ओळखला जातो.

बळीराजाची गोष्ट अर्थातच वेगळी आहे, कारण त्याला दुष्ट कोणीच म्हणत नाही. पण पाताळात घातलेल्या त्या राजासाठी दिवाळीच्या पाडव्याला आमच्या घरी आई अजूनही ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणते. पोथीवाचक यांनी लिहिलेली 'आधीचा धनी' ही गोष्ट मला तेथे स्पष्ट दिसते.

करवीरकन्या

तिघांचेही मनापासून आभार. शिलालेखप्रेमी यांचे म्हणणे मला मान्य आहे. नाव जुने असेल आणि गोष्ट नवी असेल. परंतु गोष्ट रचायचीच होती, तर लोकांना देवीच्या गौरवाचे एखादे नाव सहज जोडता आले असते. तसे न करता त्यांनी दैत्याला वर मागायला लावले आणि देवीला तो द्यायला लावला, ही निवड मला महत्त्वाची वाटते.

काल रात्री भाचीला डेल्फीची गोष्ट सांगितली. मेज उलथून पळणारा मुलगा तिला फार आवडला. गोष्ट संपल्यावर तिने विचारले, "मग आपली कोहळा फोडणारी ताई मागे वळून बघते का?" मी लहानपणापासून ही यात्रा पाहत आले आहे, परंतु माझी नजर दरवेळी कोहळ्यावर आणि फोडींसाठी धावणाऱ्या माणसांवरच राहिली. त्रिशूळ खाली ठेवल्यावर ती मुलगी काय करते, हे मी एकदाही पाहिलेले नाही. यंदा आम्ही दोघी लवकर वर जाऊन तिच्या बाजूला उभ्या राहणार आहोत.