गोल्फसाठी एकाच लांबीच्या आयर्न घ्याव्यात का?

प्रश्न: माझा गोल्फमधला हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा; जितका कमी तितका खेळ चांगला) २२ आहे. सर्व आयर्न (धातूच्या पात्याच्या गोल्फच्या काठ्या; एरवी प्रत्येकीची लांबी वेगळी असते) साडेसदतीस इंच लांबीच्या वापरून ब्रायसन डीशाम्बोने २०२० आणि २०२४ ची यूएस ओपन गोल्फ स्पर्धा जिंकली, हे पाहून मीही तसा संच घ्यावा का?

पहिले उत्तर: प्रत्येक फटक्याला उभे राहण्याची ढब बदलावी लागत नाही, हा फायदा खरा आहे, मात्र लांब आयर्न आखूड झाल्याने माझा चेंडू पुरेसा उंच जाईना आणि वेज (जवळच्या फटक्यांच्या, एरवी आखूड असणाऱ्या काठ्या) लांब झाल्याने ग्रीनजवळचे, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळचे, नाजूक फटके बिघडले.

दुसरे उत्तर: फटका मारताना अव्वल गोल्फपटू स्कॉटी शेफलरचे पाय घसरतात, म्हणून कोणी पाय घसरवायला शिकत नाही! आधी प्रशिक्षकाकडून ग्रिप (काठी धरण्याची पद्धत) तपासून घ्यावी.

प्रश्नकर्ता: तपासली, ती सदोषच निघाली. खरेदी तूर्त थांबवली आहे.