'आई, येतो' की 'आई, जातो'?

निवांत_पाटील: काल 'थुआ मे कॉन दी' पाहिला. २०१९चा व्हिएतनामी सिनेमा, दिग्दर्शक त्रिन्ह दिन्ह ले मिन्ह. वान बऱ्याच वर्षांनी अमेरिकेहून गावी येतो, वडिलांची कबर हलवायची आहे म्हणून. सोबत त्याचा जोडीदार इयान. घरच्यांसाठी 'मित्र'. वान थोरला नातू, म्हणजे वंशाचा दिवा, त्यामुळे आईच्या डोक्यात सून. आजीला स्मृतिभ्रंश झालाय, ती इयानलाच वान समजून माया करते.

सगळे आईचं कौतुक करतायत. माझा जीव मात्र इयानमध्ये अडकला. त्या घरात त्याला प्रेम मिळतं ते दुसऱ्याच्या नावावर. आईचं काय होईल याची काळजी सगळ्यांना, त्याचं काय होतंय हे कोण विचारतं? सिनेमाने घराला फार स्वस्तात सोडलंय.

सुलभा_क: पाटील, जरा दमानं. नवरा गेलेला, घरात भ्रमिष्ट सासू, नातेवाइकांचा गोतावळा, आणि पोरगा पाहुण्यासारखा आलेला. त्या बाईने पहिल्या दिवशीच ओवाळायला ताट घेऊन उभं राहायचं का? आईच्या भूमिकेत होंग दाओने काम काय केलंय! तिला हळूहळू उमगत जातं ते तिच्या डोळ्यांत दिसतं. त्या गप्प राहण्यात तुम्हाला विरोध दिसत असेल, मी म्हणेन ती तयारी चाललीय.

निवांत_पाटील: सुलभाताई, तयारी किती वर्षं चालायची? वानसुद्धा 'आज नको, उद्या' करत राहतो. आईला जपायचं म्हणून जोडीदाराला ताटकळत ठेवायचं, याला आपण संस्कार म्हणतो.

गावकरी७१: असले विषय घरात बसून बघण्यासारखे नाहीत. असो.

सुलभा_क: मग एकटे बघा, गावकरी. मीही एकटीनेच पाहिला.

कडक_चहा: पाटलांशी सहमत. तिथला कायदाही असाच आहे. समलिंगी लग्न लावलं तर दंड होता, तो २०१३ मध्ये काढला. १ जानेवारी २०१५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातून बंदीही गेली, पण त्यातच लिहिलं की सरकार अशा लग्नाला मान्यता देत नाही. आपल्याकडे २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची बेडी तुटली आणि १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा चेंडू संसदेकडे टोलवला. राहा बाबांनो सुखाने, फक्त नात्याचं नाव विचारू नका. वानची आई काय वेगळं करते?

सुलभा_क: न्यायालय आणि आई एका मापात? न्यायालयाला शेजारीपाजारी नसतात हो.

परदेशी_पाखरू: लिहू की नको करत होतो. मी न्यू जर्सीत असतो, घर सांगलीला. २०१९ला 'त्याला' घेऊन गेलो, 'रूममेट' म्हणून. आईने खोलीत दोन गाद्या घातल्या आणि मध्ये घरातल्या सगळ्या उशा रचल्या. काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी उश्या कमी झाल्या, धुवायला काढल्यात म्हणाली. पुन्हा काही त्या आल्या नाहीत.

सुलभाताई, ही तयारीच, मान्य. पण पाटील म्हणतात तेही खरं. त्या उशांच्या पलीकडे तो रात्रभर जागा होता. मला झोप लागली होती.

कडक_चहा: 🙏 सिनेमाच्या नावाचा अर्थ काय?

परदेशी_पाखरू: 'आई, मी निघतो.' घरातून बाहेर पडताना तिकडची मुलं मोठ्यांना असं आदराने सांगून निघतात. रोजचंच वाक्य. इंग्रजीत 'गुडबाय मदर' केलंय, त्यात कायमचा निरोप ऐकू येतो.

सुलभा_क: आपल्यात 'जातो' म्हटलं तर आई दारातून परत बोलावते, 'येतो म्हण' म्हणते. तुम्ही दोघं काय म्हणता निघताना?

परदेशी_पाखरू: मी 'येतो'. तो 'येतो काकू', मराठी तेवढंच येतं त्याला. आई दोघांच्याही हातावर दही घालते. फोनवर मात्र अजून 'रूममेट बरा आहे ना?'