खंडं सरकली, हे जीवाश्मांनीच सिद्ध केलं होतं का?

टेकडीवाला
मुलीच्या शाळेच्या प्रकल्पावरून घरात वाद झाला, म्हणून इथे मांडतो. माझ्याकडे उमरेडच्या कोळसा खाणीतला शेलचा (चिखलाच्या थरांपासून बनलेल्या दगडाचा) तुकडा आहे, तळहाताएवढा. त्यावर ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झालेल्या वनस्पतीचं पान उमटलंय: जिभेसारखा आकार, मधोमध जाड शीर, दोन्ही बाजूंना बारीक जाळी. हेच पान दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, ब्राझीलमध्ये मिळतं. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना ब्रिटिश शोधमोहिमेचा प्रमुख स्कॉट याच्या तुकडीने मरणाच्या दारातही सुमारे १६ किलो दगड टाकून दिले नाहीत, त्यातही हेच निघालं. जर्मन शास्त्रज्ञ व्हेगेनरने खंडं सरकतात असं मांडलं तेही त्याच वर्षी. पुरावा तेव्हाच पुरेसा होता. पुढची पन्नास वर्षं भूशास्त्रज्ञांनी उगाच घालवली.

कोथरूडकर
'उगाच' अजिबात पटलं नाही. जमीन जोडलेली होती हे विरोधकही मानत होते! मधले भूसेतू, म्हणजे खंडांना जोडणारे जमिनीचे पट्टे, समुद्रात बुडाले, असं त्यांचं म्हणणं. दक्षिणेकडच्या या जुन्या जोडलेल्या भूभागाला गोंडवनलँड हे नाव रूढ करणारा भूशास्त्रज्ञ सुएसही जमीन खचली असंच मानायचा. तुमचं पान जोडणी सांगतं, सरकणं नाही. आणि एवढी खंडं ढकलतं कोण, याचं व्हेगेनरचं उत्तर कच्चंच होतं.

टेकडीवाला
सेतू बुडेल कसा? खंडांचा खडक हलका, समुद्रतळाचा जड. हा मुद्दा व्हेगेनरनेच मांडला होता. आणि मेसोसॉरस? जेमतेम मीटरभर लांबीचा, उथळ पाण्यातला प्राणी. मिळतो तो दक्षिण अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत. तो काय अटलांटिक पोहून गेला?

भूगोलवाली
वीस वर्षं हा धडा शिकवतेय. मी कोथरूडकरांच्या बाजूने. सरकण्याचा पुरावा हवा तर पुण्यातल्या वेताळ टेकडीवरचा काळा दगड बघा. त्यात ग्लॉसोप्टेरिस मिळणार नाही, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पण लाव्हा थिजताना त्यातले लोहखनिजाचे कण तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. १९५० च्या दशकात डेक्कन ट्रॅपचे, म्हणजे दख्खनभर पसरलेल्या याच लाव्हाचे, नमुने मोजले, आणि त्यांच्यातल्या चुंबकीय दिशेचा कल दक्षिण गोलार्धातला निघाला. आपण राहतो तो दगडच विषुववृत्त ओलांडून आलाय! वर्गात हे सांगते तेव्हा अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

टेकडीवाला
मग लिस्ट्रोसॉरस? जमिनीवरचा प्राणी, साधारण डुकराएवढा. दामोदर खोऱ्यात मिळाला, अंटार्क्टिकातही मिळाला.

कोथरूडकर
अंटार्क्टिकात कधी? १९६९ ला. तोवर समुद्रतळ पसरतोय हे दाखवणाऱ्या, त्याच्या खडकातल्या चुंबकीय पट्ट्यांनी बहुतेकांना पटवलं होतं.

टेकडीवाला
बरोबर. 'उगाच' मागे घेतो. टेकडीवरचा दगड प्रकल्पात घेऊ, पण पहिल्या पानावर फोटो ग्लॉसोप्टेरिसचाच.